देव सटाण्याच्या गाडीत

"देवांचं तिकीट अर्धं काढायचं की पूर्ण?" कऱ्हाडच्या स्टँडवर पोचवायला आलेल्या चंदूनं मला विचारलं. चंदू माझा धाकटा भाऊ, आणि आठवड्यावर येऊन ठेपलेलं लग्न त्याचंच. नवरदेवाला चेष्टा सुचते, पायपीट मात्र थोरल्या बहिणीच्या नशिबी! मी त्याला एक सणसणीत उत्तर दिलं आणि हातातली खाकी पिशवी आणखी घट्ट धरली.

त्या पिशवीत आमच्या घरचे देव होते. देव म्हणजे टाक (चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेल्या कुलदैवतांच्या लहान मूर्ती). आमच्या घराण्याची एक रीत आहे. घरात लग्न निघालं की आधी देवांना नाशिकला गोदावरीत न्हाऊ घालून आणायचं, मगच दारात मांडव घालायचा. कऱ्हाडला दोन दोन नद्या घरापाशी वाहत असताना देवांना एवढ्या लांब कशाला हिंडवायचं, हे मी लहानपणापासून विचारत आले आहे. कृष्णामाईला राग येत नसेल का? पण आई या बाबतीत ऐकत नाही. त्या वर्षी तिचा गुडघा सुजलेला, वडील वारलेले, चंदू हळदीचा. राहिले मी. मुलींच्या शाळेत कवायत शिकवते, गळ्यात शिट्टी असते, आवाज खणखणीत. "निर्मलाला पाठवा, ती हरवायची नाही," असं आई म्हणाली. मी हरवले नाही, हे खरंच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात गाडी बदलून दुपार कलता मी नाशकात पोचले, एका धर्मशाळेत पथारी टाकली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच रामकुंडावर गेले. माघातली थंडी. नाशिककर गोदावरीला सरळ गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे भाजीसुद्धा आणायला जातो. पाण्यात पाय घातला तर नडगीपर्यंत कळ गेली. एकेक टाक ओंजळीत धरून बुडवला, आईनं शिकवलं होतं तसं. शेजारी धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "चांगले घासा हो, लग्नाला उजळ दिसायला हवेत." मी म्हटलं, नवरा मुलगा उजळला तरी पुष्कळ झालं. ती हसली आणि तिनं स्वतःजवळची चिंच दिली. त्या चिंचेनं घासलेले देव नव्यासारखे चमकले.

मग देव कोरड्या फडक्यात बांधले, त्यांच्याबरोबरची पितळी घंटा पिशवीत वर ठेवली आणि मिसळ खायला बसले. नाशिकची मिसळ काळ्या रश्श्याची असते, दिसायला साधी आणि खाल्ल्यावर कान गरम करणारी. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी दुसऱ्यांदा रस्सा मागितला. काम फत्ते झालं होतं. आता पुण्याची गाडी धरायची, की झालं.

आता स्टँडवर काय घडलं ते नीट सांगते. लाल गाडी फलाटाकडे येऊ लागली की आपल्याकडे कोणी ती थांबायची वाट बघत नाही. गाडीबरोबर पळायचं आणि खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते आत द्यायचं. आत जो कोणी बसला असेल त्याला म्हणायचं, "धरा हो, जागा ठेवा." तोही धरतो. ज्या माणसाला उभ्या जन्मात पाहिलं नाही, त्याच्या हाती सामान देऊन आपण दाराकडे धावतो. एरवी मी मंडईत वांगं चार बाजूंनी फिरवून बघणारी बाई! पण एसटीच्या खिडकीशी माझीही अक्कल गहाण पडते.

त्या दिवशी दोन गाड्या मागेपुढे आत शिरल्या. लोक ओरडले, "पुणे, पुणे!" मी पळत सुटले. पुढच्या गाडीच्या खिडकीत एक पांढरं पागोटं दिसलं. "बाबा, धरा! जागा ठेवा माझी!" असं म्हणून पिशवी आत दिली. एका सुरकुतल्या हातानं ती घेतली. घंटा वाजली. मग गर्दीचा लोंढा आला, मी त्यात सापडले आणि लोंढ्यानं मला दारातून वर चढवलं. आत येऊन बघते तर पागोटं नाही. बाबा नाहीत. पिशवी नाही.

"पिशवी कुठंय माझी?" मी ओरडले.

"कसली पिशवी, बाई? ही पुण्याची गाडी," कोणी तरी म्हणालं.

पुण्याची गाडी मागची होती, आणि लोंढ्यानं मला तिच्यात चढवलं होतं. खाली उतरून फलाटभर धावले. पुढची गाडी केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. कपडे गेले असते तर चुलीत गेले म्हटलं असतं. पण आईचे देव! तिच्या सासूनं तिच्या ओटीत घातलेले, वडिलांनी शेवटच्या आजारपणातही रोज हात जोडलेले. ते नाहीत म्हटल्यावर आई मांडव घालू देणार नाही, आणि सोयरे काय ऐकून घेणार आहेत? मला तिथंच बसून रडावंसं वाटलं. पण रडायला मी कऱ्हाडला गेल्यावरही मोकळी होते. आधी देव.

चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "ती सटाण्याची गाडी. तुमच्या पिशवीवर नाव-गाव?"

"नाही."

"धरणाऱ्याचं नाव?"

"मला काय माहीत!"

"मग बाई, हात जोडा आणि घरी जा." ते काही वाईट बोलले नाहीत, पण मला ते शब्द झोंबले. मी म्हटलं, "हात जोडायला देव लागतात, आणि ते तुमच्या सटाण्याच्या गाडीत आहेत!" त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वेळापत्रक बघितलं. मग म्हणाले, "पुढची गाडी उशिरा आहे. रिक्षानं द्वारकेला जा. आग्रा रोडवर काही ना काही मिळेल."

द्वारका म्हणजे नाशकातला मोठा चौक. मुंबईहून आग्र्याकडे जाणारे ट्रक तिथं सारखे घरघरत असतात. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून शाळेची शिट्टी काढली आणि फुंकली. लोक बघायला लागले. बघू देत. द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या भरलेला एक टेम्पो थांबला. चालवणारा दाढी वाढलेला, डोळे लाल. माझं मन कचरलं. तेवढ्यात पलीकडून एक बाई डोकावली.

"बसा की ताई," तो म्हणाला. "ही माझी कारभारीण हाय संगं. पिंपळगावपर्यंत सोडतो. काय झालं, येवढी घाई कशापायी?"

मी सगळं सांगितलं. त्यानं टेम्पो असा हाणला की पेट्या नाचायला लागल्या. ओझरच्या विमान कारखान्यापाशी पाळी सुटली होती, सायकलीच सायकली. तो हॉर्न देत त्यातून वाट काढत होता आणि बायको त्याला शिव्या घालत होती. "अहो, ताईचे देव गावायच्या आधी आपन देवाकडं जाऊ!" मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

"गावतील का हो?" मी तिला विचारलं.

"म्हातारं माणूस व्हतं ना? मग नाय जायचं कुठं."

"म्हातारे काय चोर नसतात?"

"असत्यात. पन चोर खिडकीत हात काढून बसत नाय," ती म्हणाली. हे उत्तर मला काही पटलं नाही. तरी पिंपळगावच्या स्टँडवर उतरताना जरा धीर आला होता. त्या दोघांनी मला सटाण्याच्या गाडीत बसवूनच टेम्पो हलवला.

पिंपळगाव सोडलं की द्राक्षाचे मांडव मागे पडतात आणि डोंगर जवळ येतात, बोडके, वरून कापल्यासारखे. मध्ये कांद्याची हिरवी शेतं. एरवी मी डोळे भरून बघितलं असतं. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर पागोटी बघत होते. त्या मुलखात पागोटी काय कमी!

सटाण्याच्या स्टँडवर त्या गाडीचा कंडक्टर कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलेला सापडला. मी पिशवीचं नाव काढताच त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"तुम्हीच का त्या बाई! अहो, त्या बाबांनी डोकं खाल्लं माझं. गाडी खच्चून भरलेली, आणि हे शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसलेले. कोणाला बसू देईनात. म्हणे, 'बाई येतीन.' मी म्हटलं, बाबा, गाडी ओझर ओलांडून गेली, आता बाई कुठून येणार? म्हणे, 'जागा ठेव म्हणीसन सांगेल शे.' (जागा ठेव असं सांगितलंय.) लोक भांडले, एक तर अंगावर धावून गेला. म्हातारा हलला नाही."

"आणि पिशवी?" मी विचारलं.

"घेऊन उतरले देवळा गावाच्या अलीकडच्या फाट्यावर. मी म्हटलं, नियमानं माझ्याकडे जमा करा. ऐकतात होय! बाई आली तर मळ्यात पाठव म्हणाले." त्यानं मळ्याची खूण सांगितली, चिंचेची जोडी आणि मोटेची विहीर. "बघा बुवा, मी काही त्यांना ओळखत नाही," असंही वर घातलं.

झालं! म्हणजे देव नेले. नियम आहे, ऑफिस आहे, तिथं देता येत नव्हते? घरी कशाला न्यायचे? चांदीचा वास आला असेल. मनात नको नको ते येऊ लागलं. ज्या फाट्यावरून मघाशी पुढे आले, त्याच फाट्याकडे परतीच्या गाडीनं निघाले तेव्हा मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते.

फाट्यावरून चालत मळा गाठला. ऊन उतरलं होतं. चिंचेची जोडी, विहीर, कुडाचं पण लख्ख सारवलेलं घर. अंगणात एक ठेंगणी म्हातारी शेण टाकून हात धूत होती.

"बठा ना, ताई," ती म्हणाली. हा बागलाणचा मुलूख, इथं बोलण्यात अहिराणी मिसळलेली. मला कळावं म्हणून ती माझ्याशी जमेल तशी शहरी मराठी बोलत होती, मध्येच आपल्या बोलीवर जात होती.

"बसायला नाही आले. माझे देव द्या."

"कोनता देव?"

मी उंबऱ्यातून आत बघितलं आणि तिथंच थबकले. कोपऱ्यात त्यांचा देव्हारा होता. त्याच्या शेजारी स्वच्छ पाट, पाटावर नवा खण, आणि खणावर ओळीनं आमचे टाक. हळदकुंकू वाहिलेलं. समोर केळीच्या पानावर भाकरी, गूळ, कांद्याची पात. उदबत्ती जळत होती. घंटाही डाव्या बाजूला, आई ठेवते तिथंच.

"हेच! हेच माझे!" मी पुढे झाले. म्हातारी आडवी उभी राहिली. माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी, पण हलेना.

"तुमचे असतीन. पन कशावरून? कोनी दुसरी आली उद्या तर मी काय तोंड दाखवू तिला? सांगा, कोनकोनता देव शेतस?" (कोणकोणते देव आहेत?)

माझा संताप संताप झाला. माझेच देव, मलाच परीक्षा! "खंडोबा, भवानी," मी ताडताड सांगितलं, "भैरोबा, आणि..." आणि पुढे गाडी अडली. पूजा आई करते. मी शाळेला निघताना लांबूनच हात जोडते. पाटावर अजून टाक दिसत होते आणि मला त्यांची नावं येईनात. म्हातारी शांतपणे वाट बघत होती. डोळ्यांपुढे आईचा सुजलेला गुडघा आला, आणि माझं रडं कोसळलं. दिवसभर थोपवलं होतं ते.

"खंडोबाचा कोपरा बघा," मी रडतच म्हटलं. "खालचा, उजवीकडचा. वाकलेला आहे. आमचा चंदू रांगत देवघरात गेला आणि खंडोबा तोंडात घालून चावला. नुकते दात आले होते त्याला. आईनं तो नीट करू दिला नाही कोणाला. त्याच चंदूचं लग्न आहे, आणि हे देव नाहीत तर ते होणार नाही हो!"

म्हातारीनं टाक उचलला, उजेडात धरला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "देवले चावना! आनि आते नवरदेव व्हयना!" (देवाला चावला, आणि आता नवरदेव झाला!) हसता हसता तिनंच माझे डोळे पुसले.

तेवढ्यात शेतातून पागोटं आलं. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या उजव्या मनगटाकडे बघितलं. मी घड्याळ उजव्या हाताला बांधते, पुरुषी, मोठ्या तबकडीचं. "हाऊच हात शे!" ते बायकोला म्हणाले. (हाच हात आहे.) "सांगतलं नव्हतं का मी, बाई येतीन म्हणून?"

रागाचा जोर ओसरला होता, तरी मनातलं बोलल्यावाचून मला राहवत नाही. मी विचारलं, "बाबा, कंडक्टरकडे का नाही दिलेत? मला सगळ्यात आधी तिथंच मिळाले असते."

त्यांना प्रश्न समजायला वेळ लागला. "गचका बसला की घंटा वाजे," ते म्हणाले. "समजलं, आत देव शेतस. देव का कपाटात कुलूप लावून ठेवता? देवले कोनी उपाशी ठेवस का?" मग थोडं थांबून म्हणाले, "आनि तुम्ही माझ्या हातात दिले व्हते. त्याच्या हातात नव्हते दिले."



त्या संध्याकाळी त्यांनी मला जाऊ दिलं नाही. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची), वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा असा की मिसळ गोड वाटावी. म्हातारी, गिरजाबाई तिचं नाव, वाढता वाढता आमच्या देवांची चौकशी करत होती. कोणाला काय आवडतं, कोणाला गोड चालत नाही. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. "आईले विचारी ठेवजो," (आईला विचारून ठेव) तिनं मला बजावलं. मी मुकाट मान हलवली.

सकाळी तिनं देव खणात बांधले, वर घरचे गहू आणि हळकुंड घातलं. सासरी निघालेल्या मुलीची ओटी भरतात तशी. बाबा फाट्यापर्यंत आले, एसटी थांबवली आणि आतल्यांना दटावून मला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी निघाली तरी ते हात हलवत उभे होते. मी त्यांना साधा नमस्कारही करायचा विसरले, हे गाडी चांदवडच्या रस्त्याला लागल्यावर आठवलं.

नाशकात पुण्याची गाडी मिळाली. या वेळी पाटी वाचली, कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरलाही विचारलं. खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. आता ब्रह्मदेव आला तरी ही पिशवी हातातून सुटणार नव्हती. शेजारची जागा रिकामी होती.

आणि खिडकीतून एक तान्हं मूल आत आलं.

"धरा हो, ताई, जागा ठेवा! आले मी!" खालून एक हिरवा पदर दिसला आणि गर्दीत नाहीसा झाला. मूल माझ्या हातात. गुबगुबीत, काजळ घातलेलं, ओलं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग पिशवीतली घंटा ओढली. लोक आत घुसले. एक जण शेजारी टेकायला लागला. "उठा!" मी अशी गरजले की तो उडालाच. "बाई येतायत."

गाडी सुरू झाली. बाईचा पत्ता नाही. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडत होते आणि गोंगाटात कोणाला ऐकू येत नव्हतं. ती दुसऱ्या गाडीत चढली असेल तर? कोणाकडे देऊ याला? कंडक्टरकडे? आणि मला कळलं की मी ते मूल कोणाकडेच देणार नव्हते. सटाण्यापर्यंत जावं लागलं असतं तरी नाही. एका हातानं मूल छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं शिट्टी काढली आणि फुंकली. गाडी फाटकात गचकन थांबली. मागच्या दारातून हिरवा पदर धापा टाकत वर आला.

"अहो, तुम्ही मला ओळखता तरी का?" मी तिच्यावर खेकसले. "असं मूल देतात कुणाच्या हाती?"

ती माझ्या शेजारी, मी राखलेल्या जागेवर, ऐसपैस बसली. घाम पुसला. "तुम्ही खिडकीत होतात ना," ती म्हणाली, आणि पिशवीत हात घालून मला नाशिकचा चिवडा दिला.

कऱ्हाडला पोचले तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती मला झापेल असं वाटलं होतं. ती खणाची गाठ सोडत होती. गहू ओंजळीत घेतले, हुंगले. टाक एकेक करून देव्हाऱ्यात मांडले, खंडोबाचा कोपरा नेहमीसारखा पदरानं पुसला.

"त्यांचं कुलदैवत कोणतं?" तिनं विचारलं.

"कोणाचं?"

"त्या बाबांचं, गिरजाबाईंचं. त्यांनी आपल्या देवांना जेवू घातलं. आपण त्यांच्या देवाला नको का घालायला?"

मी विचारलंच नव्हतं. त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी बसून दोन वेळा जेवले, आणि आत कोण आहे ते डोकावून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात मांडव घातला. देवकाच्या दिवशी नैवेद्याची पानं वाढली तेव्हा आईनं आमच्या देवांच्या पानांशेजारी एक पान जास्त मांडलं. त्यावर भाकरी, गूळ आणि कांद्याची पात ठेवली. नाव कोणाचं घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं नुसतंच पाणी फिरवलं आणि हात जोडले.